एक बी गोटा नाई

आमच्या भागात माणूस सगळ्यात जास्त खोटं कशाबद्दल बोलतो असं कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून सांगेन, गोट्यांबद्दल. वय, पगार, दारू हे सगळं त्याच्यानंतर. तळेगावच्या आसपासची आमची जमीन बरड. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि मध्ये नारळाएवढे, कधी माणसाच्या डोक्याएवढे काळे दगड. आम्ही त्यांना गोटे म्हणतो. दरवर्षी नांगर फिरला की नवे वर येतात. हे लहान पोरालाही माहीत आहे. तरी कोणाही शेतकऱ्याला विचारा, "वावरात गोटे आहेत का?" तो तुमच्याकडे असं पाहील की तुम्ही त्याच्या आईबद्दल काही वंगाळ बोललात.

मला याचा इतका राग का, तर माझं पोट त्या खोटेपणाखाली भरडलं गेलं.

नव्वदीच्या मध्यावर आमच्या घरी ट्रॅक्टर आला आणि मागोमाग त्याला जोडायचं गवत कापायचं मशीन. तेव्हा आमच्याकडे संत्र्याच्या बागा वाढत होत्या. झाडांच्या ओळींमध्ये गवत मांडीला लागायचं आणि निंदायला बाया मिळायच्या नाहीत. मशीन तसं साधंच. उलट्या ठेवलेल्या मोठ्या परातीसारखं लोखंडी झाकण, त्याच्या पोटात गिअरबॉक्समधून खाली आलेला दांडा आणि दांड्याला दोन पाती. ट्रॅक्टरच्या जोरावर ती गरगर फिरायची. गावानं त्याचं नाव ठेवलं पंखा आणि लोकांच्या बागांतलं गवत भाड्यानं कापता कापता मी झालो पंख्यावाला.

विकणाऱ्यानं दुकानात पात्यावर हातोडी मारून दाखवली होती. "लोहा है लोहा, भाऊ. पोरगा बी वापरन तुमचा." पोरगा राहिला दूर, पहिल्या दिवाळीच्या आत एक पातं अर्ध्यातून तुटलं. ते घेऊन मी दुकानात गेलो, तर तोच माणूस चष्मा काढून म्हणाला, "गोट्यात काऊन चालवलं? हे मशीन गवताचं हाये, गोट्याचं नाई." तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीपासून बरड सुरू होते. या मुलखात बिनगोट्याचं गवत उगवतं तरी कुठं? मग हातोडी मारून कोणाला दाखवत होतास? त्यानं माझ्यासमोर चहा ठेवला. तो मी प्यायलो नाही, एवढंच काय ते मला करता आलं.

मग मी तळेगावच्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची पाती कापून घेतली. ती जाड होती, वाकायची पण लवकर तुटायची नाहीत. तरी गोटा तो गोटाच. लहान असला तर टण्ण वाजून मागं उडायचा, म्हणून मागं कोणाला उभं राहू द्यायचो नाही. मोठा, जमिनीत रुतलेला असला तर एकच बोदा आवाज यायचा, धड्, आणि तो बसायच्या जागेतून थेट कण्यात चढायचा. मग पात्याचा बोल्ट तुटलेला असायचा, नाही तर धारेचा तुकडा उडालेला. नशीब फारच खराब असलं तर गिअरबॉक्समध्ये दात मोडायचा आणि ऐन हंगामात मशीन घरी बसायचं. धार गेलेलं पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. ते पाहून मालक पुन्हा आपल्याच नावानं बोंब मारतो.

म्हणून कोणाच्याही वावरात शिरायच्या आधी मी ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा करायचो आणि एकच प्रश्न विचारायचो.

"गोटे आहेत का?"

"एक बी गोटा नाई!"

हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की पुढं पुढं प्रश्न विचारतानाच मला उत्तराचा राग यायला लागला. मी गुपचूप पंखा वीतभर वर उचलून चालवायचो. मग मालक ओळीच्या टोकाला हात कमरेवर ठेवून उभा. "काऊन रे, हजामत कर म्हटलं त तू कंगवा फिरवून राह्यला? खाली घे, खाली!" खाली घेतला की धड्. आणि मग चोराच्या उलट्या बोंबा. एकजण म्हणाला, कालच्या पाण्यानं वर आला. दुसऱ्यानं शेजाऱ्याचं नाव घेतलं, त्यानंच टाकला असन म्हणे. तिसरा तर गोट्यावर पाय ठेवून माझ्याच तोंडावर म्हणाला, "थो गोटा नाई, ढेकूळ हाये." लोखंड तोडणारं ढेकूळ! मी त्याला म्हटलं, "मंग फोड त हातानं." तो म्हणाला, "पाह्यतो निवांत."

असं खोटं का बोलायचं? उत्तर सोपं आहे. वावर गोटाळ आहे असा बोभाटा झाला की त्या घरच्या पोराला पोरगी मिळत नाही. आमच्याकडे मुलीचे लोक आधी पोराचं वावर पाहतात, पोराचं तोंड मागून. गोटाळ वावर म्हणजे तिथं जाणारी सून जन्मभर पाठ वाकवून गोटे वेचणार, हे प्रत्येक बापाला कळतं. म्हणून पोराचा बाप खोटं बोलतो, आजा बोलतो, काका बोलतो, आणि हेच लोक स्वतःची पोरगी द्यायची वेळ आली की दुसऱ्याचं वावर पायानं उकरून पाहतात. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

आमच्या मायनं आमच्या वावरातले गोटे वेचले होते. मी लहान असल्यापासून तिच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. भाकर थापायची ती तळहाताच्या जोरावर, आणि लोटा उचलायची तो दोन्ही हातांच्या मध्ये धरून. तिच्या बापालाही लग्नाच्या वेळी तेच वाक्य सांगितलं गेलं होतं. सांगणारे माझे आजोबा होते.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलं आणि आम्ही पोराचं घर-वावर पाहायला निघालो, तेव्हा मायनं मला दारातच थांबवलं. "घर कसं का असेना. पोरगा सावळा असला त चालन. वावरात गोटे किती, तेवढं पाहून येजो."

यात माझ्याएवढा तरबेज माणूस पंचक्रोशीत नव्हता. पोराच्या वडलांनी आम्हाला रस्त्यावरच उभं करून हात लांब केला, "थ्या बाभळीपासून या विहिरीलोक आपलंच." दुरून डोंगर साजरे. तूर कमरेला आलेली, खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी विचारलं, "गोटे?" उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी चप्पल काढली आणि तुरीत शिरलो. दहा पावलांत पायाची सालटी निघाली. आमच्या वावरापेक्षा वाईट परिस्थिती होती.

घरी पोहे आले. मी प्लेट खाली ठेवली आणि सरळ पोरालाच विचारलं, "तुमी सांगा. गोटे आहेत का नाई?"

पोरानं बापाकडं पाहिलं. बापानं डोळे मोठे केले. पोरगा म्हणाला, "गोटेच आहेत. मधामधात वावर हाये."

बैठकीतले आमच्याकडचे सगळे खो-खो हसले. मी सर्वांत जास्त. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिथंच माझ्या मनानं होकार दिला. घरी येऊन मी मीठमसाला लावून सगळं सांगितलं. बहीणही हसली. म्हणाली, "खरं बोलते ना? मंग झालं." बाबा म्हणाले, असा माणूस सापडत नसतो. माय तेवढी चुलीजवळ बसून होती. ती म्हणाली, "खरं बोलते हे चांगलं. पन गोटे त आहेतच ना?"

तिचं कोणी ऐकलं नाही. लग्न झालं.

पुढं मी पंखा चालवत राहिलो, पाती बदलत राहिलो, भांडत राहिलो. बहीण दिवाळी-राखीला यायची, दोन दिवस राहायची, घाईत परत जायची. हातात बांगड्या भरलेल्या, मेंदी लावलेली. हात नीट पाहावेत असं माझ्या मनातही आलं नाही. तिच्या घरी संत्रा लावला होता हे कळलं होतं. झाडं चांगली उंच झाली आणि एक दिवस जवाईबापूंच्या नव्या मोबाइलवरून तिचा फोन आला. "दादा, बगीच्यात गवत लय झालं. पंखा घेऊन येजो."

मी पूर्ण तयारीनं गेलो. चार पाती जास्तीची, बोल्टांची पिशवी, मोठा पाना. आपल्या बहिणीचं वावर, तुटलं तर तुटलं, असं ठरवूनच गेलो होतो. बागेच्या चारी बाजूंनी छातीएवढी दगडी भिंत दिसली. मला वाटलं, रानडुकरांसाठी घातली असेल. पंखा वीतभर वर उचलला आणि पहिली ओळ सुरू केली. टोकाला बहीण उभी होती. तिनं हात वर केला.

"खाली घे ना, दादा. गवत तसंच राह्यलं."

"गोटे लागतीन ना वो बाई."

"एक बी गोटा नाई."

माझं डोकंच फिरलं. तूसुद्धा? माझ्या आईच्या पोटची, माझी पाती तुटलेली पाहत मोठी झालेली, तू पण त्या घरची भाषा बोलायला लागलीस? मी रागानं पंखा पार जमिनीलगत सोडला. म्हटलं, वाजू दे, तुझ्याच कानांनी ऐक.

ओळ संपली. वाजलं नाही. दुसरी संपली. मी कान टवकारून, अंग आखडून बसलो होतो, तो बोदा आवाज कण्यात कधी येतो म्हणून. तिसरी, चौथी. गवत मखमलीसारखं खाली बसत होतं आणि मशीन एका सुरात चाललं होतं. असं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्या बागेत मी ट्रॅक्टर बंद केला, पंखा उचलला, खाली वाकून पाहिलं. पात्यांना हिरवा रस लागलेला. धार सकाळी घरून निघताना होती तशीच.

मग मी त्या भिंतीकडे पाहिलं. ती भिंत नव्हतीच. वावरातून निघालेले गोटे धुऱ्यावर एकावर एक टाकलेले होते, चारी बाजूंनी. खालच्यांवर शेवाळ चढून वाळलेलं, वरचे अजून मातीचे.

"कोनं वेचले?"

"कोन वेचन?" ती हसत म्हणाली. "मामंजी म्हनत, तुह्या भावानं आमचे गोटे चव्हाट्यावर काढले, आता तू वावरातून काढ. म्हटलं, काढतेच." हे ती अभिमानानं सांगत होती. "सांग आता. एक बी लागला का?"

जवाईबापू पाण्याची कॅन घेऊन आले होते. मी त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की म्हटलं, "तुमी त खरं बोलनारे ना? मंग बापाले काऊन नाई म्हटलं, ही नाई वेचनार म्हून?" ते कॅनचं झाकण फिरवत राहिले. एकदा खरं बोलून त्यांचा जन्माचा साठा संपला होता. मी ज्या वाक्यावर भाळून बहीण दिली, ते वाक्य बोलायला त्यांना काही मोजावं लागलं नव्हतं. त्याची भरपाई दुसऱ्याच माणसानं केली होती, वाकून, एकेक गोटा उचलून.

"काऊन चिल्लावून राह्यला?" बहीण म्हणाली. "पानी पे पहिले."

तिनं लोटा पुढं केला. दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून.

उरलेली बाग मी कापली. एकही पातं बदललं नाही. जास्तीची चार पाती जशी नेली तशी परत आणली. मशीन किती टिकतं यावर मी इतकी वर्षं दुकानदाराशी, मालकांशी, वेल्डिंगवाल्याशी भांडलो होतो. ते कशानं टिकतं हे त्या दिवशी कळलं. त्यापेक्षा ते तिथंच तुटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या वावरात मला खोटंच ऐकायचं होतं.

घरी आलो तेव्हा माय अंगणात बसली होती. तिनं पंख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"लय तुटलं काय?"

"नाई."

"मंग गोटे किती राह्यले तिच्या वावरात?"

"एक बी नाई," मी म्हटलं.

आयुष्यभर ऐकलेलं ते वाक्य या वेळी खरं आहे, हे मायला कळायला वेळ लागला नाही. तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"बोटं मिटते काय तिची?"

मी पाना घेतला आणि पाती काढायला मशीनखाली शिरलो. ती काढायची काही गरज नव्हती.