टोलमनबाईंचा गुरुवार

असाहेल प्रूडनचं साप्ताहिक दर गुरुवारी दुपारी छापून व्हायचं, आणि शाई वाळायच्या आत टोलमनबाई छापखान्याच्या दारात हजर. उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचायच्या, अंकाची घडी घालायच्या आणि विचारायच्या, "आमच्या लोरेन्झोचं काही नाही वाटतं?"

"नाही, बाई."

"बरं. म्हणजे तू तारेत कळवलं होतंस तेच खरं."

त्या गेल्या की छपाईची अक्षरं जुळवणारा म्हातारा जेडाया खिळ्यांच्या पेटीवरून मान वर न करता म्हणायचा, "संपादकसाहेब, रंग उडाला तुमचा. शाई फासू का थोडी?" असाहेलला हसू यायचं नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो शिकागोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार होता. लेखणी तिखट, घोडा त्याहून तिखट. लढाई कोण जिंकतं यापेक्षा तारघरात आधी कोण पोचतं याचीच त्या बातमीदारांना पडलेली. टेनेसीतल्या एका ओढ्याकाठी दुपारपर्यंत आपली सरशी दिसली आणि या पठ्ठ्याने घोड्याला टाच मारली. तार गेली: विजय झाला, आमच्या इंडियानातल्या गावची पोरं सुखरूप. गावात चर्चची घंटा वाजली. दोरी ओढायला लोरेन्झोची आई, टोलमनबाईच, पुढे होती. तिकडे दुपारनंतर शत्रू उलटला आणि त्याच पोरांची दाणादाण उडाली. लोरेन्झोला पडताना पाहिलेला एक अधिकारी पुढे असाहेलला भेटला. प्रेत मिळालं नव्हतं; सरकारदरबारी पोरगा नुसता बेपत्ता राहिला. असाहेलने तोंड शिवून घेतलं.

युद्धानंतर गावी येऊन त्याने हे साप्ताहिक विकत घेतलं. पण रविवारची घंटा वाजली की तो उठून खिडकी लावून घ्यायचा. आपल्याच शब्दावर त्या घंटेची दोरी कोणीतरी अजून ओढतंय, असं वाटायचं. लोरेन्झोच्या मृत्यूची बातमी त्याने स्वतः खिळ्यांत जुळवून, सुतळीने बांधून फळीवर ठेवली होती. बुधवारी ती पानात बसवायचा, गुरुवारी सकाळी काढून घ्यायचा. त्या आईला सांगायचं कोणत्या तोंडाने?

त्या हिवाळ्यात बाईंना खोकल्याने घेरलं. खऱ्याचा पत्ता न लागताच ही बाई जाईल, या भीतीने असाहेलला पछाडलं. एका गुरुवारी त्याने पानातून ती बातमी काढून घेतली नाही.

बाई काठी टेकत आल्या. बोट ओळींवरून सरकत खाली आलं आणि थांबलं.

"हे चुकलंय," बाई म्हणाल्या.

"बाई, मला माफ..."

"तू लिहिलंयस, गोळी लागली आणि तत्काळ गेला. तत्काळ नाही गेला. रात्रभर पाणी मागत होता. शेजारी पडलेला ओहायोचा पोरगा, पाय गेलेला, त्याच वर्षी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगून गेला. पाणी द्यायला कोणी नव्हतं रे तिथे."

असाहेलने विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग दर गुरुवारी का येत होतात?"

"ती घंटा तू वाजवायला लावलीस. थांबवायचीही तूच होतीस. मी वाट बघत होते."

त्या दुपारी तारघराकडे निघताना तो घोड्यावर होता, आणि खोगिराला लटकवलेली पाण्याची बाटली भरलेली होती. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

बाईंनी नेहमीसारखी अंकाची घडी घातली. "दुरुस्ती छाप. पाण्याचंही लिही. येते मी गुरुवारी."