नखाने पुसली गेलेली अक्षरं

गेल्या मंगळवारी गडहिंग्लजच्या पुढे एका साखर कारखान्यावर गेलो होतो. काम तासाभराचं... चौदा वॉकीटॉकी सेटमध्ये नवीन फ्रिक्वेन्सी भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू होणार होता.

काम छोटं, पण कारण छोटं नव्हतं. सीमेपलीकडच्या एका कारखान्याचे सेट नेमके इथल्या जुन्या फ्रिक्वेन्सीवरच बोलतात. गेल्या हंगामात तिकडचा कोणीतरी "घे मागं, घे" म्हणाला, ते इकडच्या सेटवर ऐकू आलं आणि ट्रॅक्टरवाल्याने भरलेली ट्रॉली मागे घेतली. ट्रॉलीच्या साखळ्या सोडणारा तुकाराम मागेच उभा होता... पायाच्या दोन बोटांवर निभावलं. यंदाही तो त्याच जागेवर उभा राहणार होता.

मला इलेक्ट्रॉनिक्स कोणी शिकवलं नाही. बंद पडलेले टेपरेकॉर्डर उघडत शिकलो, मग टीव्ही, मग वायरलेस. तपासल्याशिवाय माझ्या हातून वस्तू जात नाही, हे कोल्हापुरात लोकांना माहीत आहे.

सेट कॉम्प्युटरला जोडायच्या यूएसबी केबल मी एकदम दहा मागवल्या होत्या. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर दहाच्या दहा लावून पाहिल्या, सगळ्या चालल्या. आठ गिऱ्हाइकांना दिल्या, दोन माझ्याकडे ठेवल्या.

कारखान्याचा लॅपटॉप कोरा करकरीत, नवं विंडोज. केबल लावली... पडद्यावर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. दुसरी लावली, तेच. केबल चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याकडचं जुनं टाकून पाहिलं, ते नव्या विंडोजवर बसेना.

मी ठामपणे सांगितलं, लॅपटॉपमध्ये दोष आहे. त्यांच्या कॉम्प्युटर विभागाच्या माणसाला बोलावलं, त्याला झाडलंही. तो बिचारा मान खाली घालून दोन तास खटपट करत बसला.

यार्डाचे सुपरवायझर बसवराजअण्णा शेजारी उभे होते. घरी कानडी, कामावर मराठी, आणि राग आला की दोन्ही. पण त्या दिवशी अगदी शांतपणे म्हणाले, "मेकॅनिकसाहेब, तुम्ही सगळ्याला फोडून बघता. हे केबल फोडून बघितलाय काय?"

नव्हतं बघितलं...

दिसायला इतकी देखणी केबल, प्लग एकसंध ओतलेला. ती कशाला कापायची, म्हणून नुसती चालवून पाहिली होती. टेपरेकॉर्डरपासून आजवर इतकी साधी चूक माझ्याकडून झाली नव्हती.

ब्लेडने प्लग चिरला. भिंगाखाली चिपवर कंपनीचं नाव, नंबर, सगळं ठीक दिसत होतं. कापसाने स्पिरिट लावलं आणि नख फिरवलं... अक्षरं नखावर आली. खऱ्या चिपवर ती कोरलेली असतात, ही वरून छापलेली होती. नकली चिप! माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या ड्रायव्हरला तो फरक कळत नव्हता. नव्याने ओळखलं आणि काम करायला नकार दिला. बरोबरच केलं त्याने.

चारचौघांसमोर सांगितलं, लॅपटॉप चांगला आहे, माझी केबल खोटी आहे. कॉम्प्युटरवाल्याची माफी मागितली. तो हसला... "व्हय की, मी मगापास्नं तेच म्हणतोय. तुम्ही बोलू द्याल तर ना!"

आता दुसरी केबल कोल्हापुरातही लगेच मिळणार नव्हती. पण उसाच्या गाड्या तोलणारा वजनकाटा म्हटलं की त्याच्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचा जुना सीरियल पोर्ट असतोच. तिथली काट्याची वायर काढून सेट जोडला की यूएसबी लागत नाही, ड्रायव्हरचा प्रश्न नाही.

काट्यावरचे पाटील मात्र दारात आडवे. "काट्याच्या वायरीला हात लावायचा न्हाय, पावणं. उद्या वजन चुकलं तर शेतकरी मला उसानं बडवतील!"

"पाटील, तुमचा काटा उद्या हाय," अण्णा म्हणाले. "तुकारामाचं पाय आजच वाचवायचं हाय की." पाटलांनी आत जाऊन स्वतःच्या हाताने काट्याची वायर काढून दिली.

माझी केबल मधोमध कापली आणि सेटकडचा प्लग तेवढा ठेवला. सेटचा व्होल्टेज आणि सीरियल पोर्टचा व्होल्टेज वेगळा, त्यांची जुळवाजुळव करणारी चिप माझ्या डब्यात होती. तिलाही आधी स्पिरिट लावून नख मारलं. अक्षरं हलली नाहीत, मग इस्त्री तापवली... आमच्यात सोल्डरिंगच्या इस्त्रीला नुसती इस्त्रीच म्हणतात.

तासाभरात केबल तयार. पहिल्या सेटमधले आकडे वाचले, नवी फ्रिक्वेन्सी लिहिली, परत वाचून आकडा न् आकडा ताडून पाहिला. मग उरलेले तेरा तसेच. पाटलांच्या काट्याची वायर परत लावली आणि मी स्वतः काट्यावर उभा राहून वजन बरोबर येतंय ते दाखवलं.

सकाळी मोळी पडेपर्यंत थांबलो. पहिली ट्रॉली आली, अण्णा सेटवर म्हणाले "थांब", आणि ती थांबली. तुकारामने साखळ्या सोडल्या, बाजूला झाला, मगच "घे" आलं. पलीकडच्या कारखान्याचा एक शब्दही आला नाही.

तिथूनच आठही गिऱ्हाइकांना फोन केले. केबल नकली आहे, माझी चूक आहे, परत आणा, म्हणून सांगितलं. एक जण म्हणाला, "अहो, माझी तर चालत्या!" म्हटलं, तरी आणा.

आता नव्या केबल आल्या आहेत. प्रत्येकीचा प्लग मी चिरून, आतली चिप पाहून, वर काळी पट्टी गुंडाळून देतो. परवा एकाने विचारलं, सेकंडहँड आहे का? म्हटलं, नाही... बघितलेली आहे. बसवराजअण्णा, आभार.