हैदरने बंद केलं तर बंद

मेहकरहून जानेफळकडे जाताना गावाबाहेर एक जिनिंग लागतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तशाच राहतात. हैदरभाईंचं सारं आयुष्य त्या जिनिंगात गेलं. आले तेव्हा ओठावर मिसरूडही नव्हतं. आधी पाठीवर रुईच्या गठाणी वाहिल्या, मग फिटरच्या हाताखाली पाने-पकडी दिल्या, आणि फिटर सोडून गेला तेव्हा रेच्यांची रांग त्यांच्याकडे आली. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. रांगेच्या टोकाला एक लाल बटण होतं. ते दाबलं की सगळी रांग थांबायची.

त्यांनी ते पहिल्यांदा स्वतःच्या मनाने दाबलं तेव्हा हंगाम ऐन भरात होता आणि बाहेर गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती. मालक भगवानराव कार्यालयातून तणतणत आले.

"कोणी बंद केलं?"

"म्या केलं मालक. आवाज बदलला."

"आवाज? गाडीवाले शिव्या देऊन राह्यले बाहेर, अन् तू आवाज आयकत बसला?"

 एका रेच्याचं झाकण उघडून हैदरभाईंनी आतला तडकलेला तुकडा दाखवला. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो समोर उभ्या बाईच्या तोंडावर उडाला असता. भगवानरावांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून हैदरने बंद केलं तर बंद. मले विचारायचं काम नाही."

कुठे लिहिलं नाही की सही झाली नाही. पण त्या एका वाक्यावर जिनिंग कितीतरी वर्षं चाललं. हैदरभाई थांबा म्हणाले की माणूस थांबायचा. ते कोणाचे लाडके मात्र नव्हते. ढगळ सदरा घालून आलेल्या पोऱ्याला ते परत घरी धाडत. बाया कामावर आल्या की दारातच उभे राहून प्रत्येकीचा पदर कमरेला आवळलाय का ते बघत. झुंबरबाई त्यांच्याशी रोज भांडायची. नवरा वारल्यापासून ती तिथेच होती, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचून बाजूला काढायला.

"हैदरभाई, माह्या सासूनंही एवढं नाही टोकलं मले."

"सासूजवळ पट्टा नव्हता फिरत. आवळ पदर."

ती शिव्या पुटपुटत पदर खोचायची. बाकीच्या बाया हसायच्या. पण खोचायच्या.

मग भगवानरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुण्यात व्यवस्थापन शिकलेला त्यांचा मुलगा प्रज्वल परत आला. तो हैदरभाईंच्या खांद्यावर बसून वाढलेला, त्यांना चाचा म्हणणारा. पोरगा वाईट नव्हता, हे हैदरभाई आजही सांगतात. त्याला दिसलं ते खोटंही नव्हतं. कोणी कोणालाही हुकूम देत होतं, कोणी तंबाखू खायला रांग थांबवत होतं, आणि विचारलं की ज्याचं त्याचं बोट दुसऱ्याकडे. त्याने भिंतीवर एक तक्ता लावला. कोण कोणाच्या हाताखाली ते चौकोनांत मांडलेलं. वरच्या चौकोनात तो स्वतः, आणि खालच्या एकात छापील अक्षरांत 'हैदर, सुपरवायझर'. हैदरभाईंना बरं वाटलं. घरी त्यांनी बायकोला, सुगराबीला, सांगितलं, नाव भिंतीवर लागलंय.

तक्त्याखाली नियम होते. त्यातला एक असा, की प्रज्वलला विचारल्याशिवाय रांग बंद करायची नाही.

तरी त्या हंगामात हैदरभाईंनी एकदा बटण दाबलं. नेहमीसारखं. जळका वास आला होता. प्रज्वल आला, झाकणं उघडली, सगळं तपासलं. काहीच निघालं नाही. वास बाहेर कोणी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा होता.

प्रज्वल आवाज न चढवता बोलला, पण सगळ्यांदेखत. "चाचा, तुमचा मान आहेच. पण निर्णय एकाच ठिकाणी व्हायला पाहिजे. उद्या प्रत्येकाला वास येईल."

"चूक झाली," हैदरभाई म्हणाले.

त्या दिवशी बाहेरून काही बदललं नाही. पण दोन-चार दिवसांनी एका पोऱ्याला त्यांनी रेच्यापासून दूर हो म्हटलं, तर तो हसत म्हणाला, "साहेबाले विचारलं काय?" मग ती गंमतच होऊन बसली. हैदरभाई काही बोलले की कोणीतरी मागून म्हणायचं, साहेबाले विचारलं काय. बायांनीही पदर सैल सोडले. झुंबरबाईने एक-दोनदा दारात थांबून त्यांच्याकडे पाहिलं. ते काही बोलतील म्हणून वाट पाहत असावी. ते बोलले नाहीत. माणसाचं कोणी ऐकेनासं झालं की त्याचं बोलणंही आपोआप आटतं. हळूहळू त्यांनी दारात उभं राहणंच सोडलं. पगार तोच होता, तक्त्यावरचं नाव तसंच होतं.

पौषातल्या एका सकाळी त्यांना दिसलं की पट्ट्यात हात-कपडा जाऊ नये म्हणून लावलेली जाळी एका बाजूने सुटली आहे. बोल्ट पडला होता आणि जाळी हिसके खात होती. ती बसवायला रांग थांबवायलाच हवी होती. हैदरभाईंचा हात बटणापर्यंत गेला, हे त्यांनी स्वतः मला, त्यांच्या शेजाऱ्याला, नंतर सांगितलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि फोन लावला. प्रज्वल खामगावला व्यापाऱ्यासोबत बसला होता.

"जाळी पडली आहे की सैल आहे?" त्याने विचारलं.

"सैल आहे."

"मग जेवणाच्या सुट्टीत बसवू ना चाचा. तोवर तुम्ही तिथे लक्ष ठेवा."

हैदरभाई जाळीपाशी जाऊन उभे राहिले. जो जवळ येईल त्याला हाताने लांब करत होते. बऱ्याच वेळाने फाटकात ट्रक लागला आणि ड्रायव्हरने गठाणी मोजून घ्यायला सुपरवायझरच पाहिजे असा हट्ट धरला. कोणीतरी धावत बोलवायला आलं. ते म्हणाले, मी इथून हलत नाही. पुन्हा निरोप आला, की साहेबांचा फोन आहे, ट्रक आधी काढा. तेव्हा ते गेले.

झुंबरबाई पट्ट्याखाली सांडलेला कापूस गोळा करायला वाकली. सुटलेली जाळी हिसक्यांनी वर उचलली गेली होती. पदर आत गेला आणि पदरासोबत हात.

किंकाळी ऐकून हैदरभाई फाटकातून धावत आले आणि त्यांनी बटण दाबलं. सगळं शांत झालं. त्यांनी आणि दोन बायांनी मिळून तिला बाहेर काढलं. प्रज्वल खामगावहून सुसाट आला आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात ती होती तोवर तिथेच बसून राहिला. पुढे तिला संभाजीनगरला हलवलं. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

चौकशीला अधिकारी आले. त्यांनी प्रज्वलला विचारलं, "यंत्र बंद करायचा अधिकार कोणाला होता?"

"तसा माझा होता," प्रज्वल म्हणाला. "पण धोका दिसला तर सुपरवायझरने बंद करायचंच. हे काय सांगावं लागतं का?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. अधिकारी हैदरभाईंकडे वळले. "तुम्हाला धोका दिसला होता?"

"दिसला होता."

"मग?"

हैदरभाई तक्त्याकडे बघत राहिले. 'मी फोन करून विचारलं होतं,' एवढं जरी ते म्हणाले असते तरी दोषाचं थोडं वजन त्यांच्यावरून हललं असतं. सुगराबी त्यांना पुढे कितीदा म्हणाली, की फोनचं का नाही सांगितलं? ते म्हणायचे, बटण माझ्या हाताजवळ होतं, फोनच्या नाही.

झुंबरबाई घरी परत आल्याचं कळलं तेव्हा ते तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. तिची मुलगी सारिका तिला भाकरीचे तुकडे करून देत होती. हैदरभाई खाली जमिनीवर बसले. 

मग झुंबरबाई म्हणाली, "भाई, बटणाचं मी नाही विचारत. तुमची नोकरी होती. पण माह्या पदरासाठी तुम्ही इतके वर्षं भांडले. मंग बोलनं काऊन सोडलं?"

"कोणी आयकत नव्हतं, बाई."

"म्या आयकलं असतं."

सारिका उठून आत गेली. हैदरभाई जमिनीवरून उठले. घरी ते चालत आले. नंतर पुन्हा त्या गल्लीत गेले नाहीत.

जिनिंग अपघातानंतर आठवड्याभरात सुरू झालं होतं. प्रज्वलने तक्ता उतरवला आणि प्रत्येक रेच्यापाशी एक लाल बटण बसवलं. कोणीही दाबावं, कोणी विचारणार नाही, असं त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. अजून कोणी एकही दाबलेलं नाही. हैदरभाईंना त्याने काढून टाकलं नाही. आराम करा म्हणाला. त्या शब्दाला मुदत नव्हती, आणि हैदरभाईंनी ती विचारलीही नाही. निघण्याआधी ते भगवानरावांना भेटायला गेले. म्हातारा खाटेवर पडून छताकडे बघत होता. हैदरभाईंनी त्यांचा चांगला हात हातात घेतला. तो हात नुसता पडून राहिला.

आता ते मेहकरच्या घरात दारापाशी बसून असतात. सुगराबी सांगते, भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलत नाहीत. मुलगा रागावला तर खाली बघतात. परवा त्यांची नात मलिहा पतंगाच्या मागे गच्चीच्या कठड्यावर चढली. कठडा कमरेएवढाही नाही. हैदरभाई खाली अंगणात उभे राहून तिला बघत होते. सुगराबी चुलीपासून ओरडत धावली, वर जाऊन पोरीला ओढून खाली आणलं, आणि मग नवऱ्यावर उखडली.

"अजी, दिसत होतं ना तुमाले? उतर म्हणायले काय झालं?"

"दिसत होतं," ते म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.