कडक ट्यूब आणि उष्टी हळद

तळवड्यातल्या मेडिकलवाल्याने मला फसवलं. भर दुकानात, दिवसाढवळ्या!

हेल्परपासून सुरुवात करून स्वतःचं वर्कशॉप उभं केलेला माणूस मी. मला फसवणं सोपं नाही. काखेत गोल चट्टा उठला, खाज सुटली, तेव्हा डॉक्टरची फी वाचवायला मी थेट मेडिकल गाठलं.

"भाऊ, एकदम कडक ट्यूब काढ."

"शेठ, आधी डॉक्टरला दाखवा की."

"तुला विकायचंय का नाही?"

घासाघीस करून दोन ट्यूबवर एक फुकट मिळवली. (पडेल चेहऱ्याने दिली. मला वाटलं, जिंकलो!)

खाज बघता बघता गायब! मी ट्यूब बंद केली. चट्टा परत आला, येताना भाऊबंद घेऊन आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टे. मग बायकोच्या कमरेवर, मग आमच्या पोराच्या, विशालच्या पाठीवर. घरात अंग पुसायला टॉवेल एकच. "माणसागणिक टॉवेल? आपण काय लॉज चालवतो?" हे माझं धोरण!

अशात विशालची हळद आली. नवरदेवाची उष्टी हळद न्यायला नवरीची आत्या पिंपळे गुरवहून हजर. विशालने बनियन काढलं आणि अख्खा मांडव पुढे वाकला. पाठभर गोल गोल नकाशे!

आत्याबाईंनी हळदीची वाटीच उचलून घेतली. "पाहुणे, ही उष्टी करून आमच्या पोरीला लावायची व्हय? आमी न्हाई नेणार! लग्नाचंबी आता बघावं लागंल."

"अहो, साधा नायटा आहे! दिवाळीपासून ट्यूब लावतोय!" मी अभिमानाने सांगितलं.

आत्याबाईंनी तिथूनच भाचीला, म्हणजे नवरीलाच, फोन लावला. भाचीने निकाल दिला, "आधी सगळ्यांनी स्किनच्या डॉक्टरकडे जायचं. मग लग्न."

मांडव तसाच टाकून वरात दवाखान्यात! डॉक्टरीणबाईंनी ट्यूब वाचून कपाळाला हात लावला.

"यात स्टेरॉइड आहे. खाज दबते आणि बुरशी मजेत पसरते. आता घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, डाग गेले तरी मी सांगेपर्यंत. घामाचं बनियन लगेच बदलायचं, कपडे उन्हात वाळवायचे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा."

"मॅडम, दोघांत एक चालेल?"

"नाही!"

"बरं, नवरा-बायकोत तरी?"

बायकोने मला दवाखान्याबाहेर काढलं.

डॉक्टरीणबाईंनी लग्नाला हरकत घेतली नाही, फक्त उष्टी हळद नको म्हणाल्या. नवरीने वेगळी ताजी हळद लावली, लग्न लागलं. पण रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी काय मांडलं होतं? टॉवेल! प्रत्येकावर आमच्या घरातल्या एकेकाचं नाव भरतकामात, माझा सगळ्यात वर. पाहुणे रांग लावून फोटो काढत होते!

दुसऱ्याच दिवशी मेडिकलवर जाऊन गरजलो, "तू मला फसवलंस!"

"शेठ, मी तर डॉक्टरकडे जा म्हणालो होतो."

"म्हणालास! मग मी ऐकत नाही हे दिसत असताना विकलीस का? माझ्यासारख्या माणसाला औषध विकू नये, एवढी अक्कल दुकानदाराला नको? बोल! याचं उत्तर कोण देणार?"