सासूबाईंनी गावाला सांगितलेली पिशवी

मी ऑपरेशन करून पोट कमी केलं आणि दोन वर्षांनी ते पुन्हा वाढलं.

ऑपरेशन सांगलीला झालं. शंभराच्या पुढे गेलेला काटा काही केल्या मागे येईना, लग्नाला आठ वर्षं होऊन घरात पाळणा हलेना, आणि सगळे डॉक्टर बोट दाखवायचे ते माझ्या वजनाकडेच. मग जठर कापून केळ्याएवढं केलं. नवरा फौजेत. त्याने त्यासाठी सुट्टी काढली, मला कडेगावला आणून सोडलं आणि तो पुन्हा बर्फात गेला. घरी उरलो मी, सासूबाई आणि माझं ते केळं.

"सुनंचं कसलं आप्रेशन झालं वं?" गल्लीने सासूबाईंना विचारलं.

आता जठर म्हणजे काय, हे सासूबाईंनी कुणाकुणाला समजावायचं? त्यांनी आपल्या परीने सोपं करून सांगितलं, "पोटातली पिशवी काढली तिची. थोडीशी ठेवलीया."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही! आमच्याकडे बाईची 'पिशवी' एकच असते, आणि तिचा जेवणाशी काही संबंध नसतो. (हे मला फार उशिरा कळलं. सासूबाईंना तर अजूनही पटलेलं नाही.)

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया नारळ घेऊन भेटायला यायला लागल्या. शेजारच्या हौसाकाकूंनी तर माझा हात धरला आणि डोळ्याला पदर लावला.

"काय गं हे वैशे, ह्या वयात! आता काय ऱ्हायलं बाई तुझ्या जन्मात?"

"दोन चमचे आमटी," मी म्हणाले. "तीही पातळ."

काकू हुंदका देऊन रडल्या. मला वाटलं, किती मायेची माणसं! माझी पुरणपोळी सुटली म्हणून रडतात!

डॉक्टरांनी दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नका असं बजावलं होतं. आम्ही थांबलो. नवरा सीमेवर असला की थांबणं फार अवघड जात नाही. अवघड जातं ते जेवण. सासूबाईंचं ताट पाच मिनिटांत व्हायचं आणि त्या रानात जायच्या. मी मात्र वाटीभर मऊ भात घेऊन अर्धा तास चावत बसायची, समोर भिंत. लठ्ठ होते तेव्हा निदान खाणं तरी सोबतीला होतं. आता तेही दोन घासांत उठून जायचं.

दीड वर्ष सरलं आणि नवरा महिनाभराच्या सुट्टीवर येऊन गेला. तो गेल्यावर काही दिवसांनी मला मळमळायला लागलं. मला वाटलं, केळं बिघडलं. मग काटा वर चढायला लागला आणि माझं धाबंच दणाणलं. एवढं पोट कापलं ते काय वाया गेलं? मी एकटीच एसटीने सांगलीला गेले आणि डॉक्टरांपुढे रडायला लागले.

"मी चोरून काही खाल्लं नाही हो डॉक्टर! देवाशप्पथ!"

"पाळी कधी आली होती?"

"ती कधी वेळेवर येतीय? आधी वजनाचं बोला!"

त्यांनी तपासण्या केल्या आणि हसून माझं अभिनंदन केलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वजन वाढलं म्हणून कुणाला आनंद झाला होता!

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून नवऱ्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. तिसऱ्यांदा मात्र राहवेना. तिचं बोलणं मध्येच तोडून मी म्हणाले, "आवं बाई, मला दिवस गेलेत!" तिने शांतपणे थोड्या वेळाने प्रयत्न करायला सांगितलं. ही बातमी जगात सगळ्यात आधी तिला कळली.

घरी मात्र सासूबाईंनी पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटले. मी दारात नटून बसले. आता बाया येणार, डोहाळे विचारणार, पाय मोडेस्तोवर बसणार! कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी नळावर गेले की गप्पा थांबायच्या. मग एखादी अगदी मऊ आवाजात, ताप आलेल्या पोराशी बोलावं तसं बोलायची, "व्हय गं व्हय, लय गोड बाळ हुईल हां. जा, ऊन लागंल."

आणि तान्ही लेकरं मांडीवर असणाऱ्या बाया मला बघून घरात जायच्या.

ते मला लागलं. नजर लागेल म्हणून असेल, वांझ म्हणून आठ वर्षं ऐकलेलं अजून संपलं नसेल, असं काहीबाही मनात यायचं. वाढत्या पोटावर हात ठेवून मी त्या आतल्या जिवाशीच बोलायला लागले. (गल्लीने तेही बघितलं. म्हणजे खात्रीच पटली!)

सातव्या महिन्यात सासूबाईंनी डोहाळेजेवण घातलं. अख्ख्या गल्लीला बोलावलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी. बाया आल्या, पण मयताला आल्यागत! ओटी भरताना एकेक जण माझ्या पोटाकडे बघायचं टाळत होती. गाणं म्हणायचं तर कुणी सुरूच करेना. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता, पण तो एकाच जागी अडकला होता, अर्धवट तोंड उघडं ठेवून.

एवढ्यात नवऱ्याच्या थोरल्या आत्या, मलकापूरच्या आक्का, उठल्या. आक्का कुणाच्या बापाला भीत नाहीत.

"बास झालं!" त्या सासूबाईंवर गरजल्या. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, आन तू तिच्या नादाला लागून ओट्या भरतीस व्हय? उद्या दोन म्हयन्यानं बाळ कुठनं आणणार हायस? वैशे, सोड ती उशी!"

"कसली उशी?" मी विचारलं.

"पोटाला बांधलेली! पिशवी काढलेल्या बाईला प्वार कुठनं हुईल?"

आणि आक्कांनी माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवून उशी ओढायला घेतली. ओढायला काही सापडेना. तेवढ्यात आतल्या जिवाने, आईचा अपमान सहन न झाल्याने, सणसणीत लाथ मारली.

आक्का किंचाळून पाटावरच बसल्या. "आगं बया! उशीनं लाथ मारली!"

"आक्का, पिशवी जेवणाची काढली हो! जेवणाची!" मी रडत, हसत ओरडले.

मग बारा-पंधरा डोकी एकदम सासूबाईंकडे वळली.

"मग मी आन काय म्हनले हुते?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "थोडी ठेवलीया म्हनून बी सांगितलं हुतं."

त्यानंतर जे झालं त्याला डोहाळेजेवण म्हणतात! बाया पोटावर हात ठेवायला रांगेत उभ्या राहिल्या. हौसाकाकू माझ्या गळ्यात पडून रडल्या, ह्या वेळी खऱ्या कारणासाठी. कुणी आपलं तान्हं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. आणि एवढे महिने दूर राहिल्याचं प्रायश्चित्त म्हणून प्रत्येकीने मला एकेक घास भरवला. गोडाचा! मी "नको, मावत न्हाई," म्हणत होते, पण तोंड भरलेलं असताना तो नकार कुणाला ऐकू जातोय? केळ्याएवढ्या जठरात जिलेबी, बासुंदी आणि लाडू एकदम उतरले. मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि मी रांगोळीवरच आडवी झाले. सगळ्या बाया पदराने वारा घालत माझ्याभोवती बसल्या. जीव कासावीस होत होता, पण खरं सांगू? तशा गर्दीत पडून राहायला फार बरं वाटलं.

बाळंतपण सांगलीलाच झालं. मुलगी. पावणेतीन किलो, आवाज थेट आक्कांचा. नवऱ्याला सुट्टी मिळून तो यायला दोन दिवस होते, सासूबाई डबा आणायला बाहेर गेल्या होत्या, लेक झोपली होती. वॉर्डात मी एकटी. कोपऱ्यात वजनकाटा दिसला. मी भिंत धरत गेले आणि हळूच चढले.

भरती होतानापेक्षा दोन किलो कमी.

उतरले. मोबाईल, बांगड्या, चपला काढून पुन्हा चढले. दोनच!

मी घाबरून नर्सला हाक मारली. "सिस्टर, बाळ पावणेतीन किलोचं निघालं आणि मी दोनच उतरले. आत काही राहिलंय का हो? नीट बघा की!"

तिने काट्याकडे पाहिलं, मग मला खालून वर निरखलं.

"राहिलंय की," ती म्हणाली. "ते सगळं तुमचंच आहे."