दामाजीचं डिफॉल्ट

कोलशेतच्या गावठाणात दामाजी भोईरांचं घर विचारलं, तर लोक म्हणतात, "कुठलं, स्टिकरवालं?" खाडीजवळच्या एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणारे मीटर तपासण्यात दामाजींची एकतीस वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, आणि तपासणीच्या स्टिकरांची दोन बंडलं ते स्वतःहून घेऊन आले. तेव्हापासून घरातल्या मिक्सरवर, पाण्याच्या पंपावर, झोपाळ्याच्या कडीवर 'तपासले' आणि 'पुढील तपासणी' अशा तारखा आहेत. देव्हाऱ्यातल्या समईवरही एक होती. ती त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी, नखाने खरवडून काढली.

घर तीन मजल्यांचं, भाऊ तीन. तळाला थोरले सहदेव, मध्ये दामाजी, वर धाकटा सुदेश. मधल्या भावाचं काम काय असतं ते मधल्या भावांनाच ठाऊक. वरचा हाक मारतो, खालचा हाक मारतो, आणि मधला जिन्यात असतो.

दोन वर्षांपूर्वी सहदेवांच्या मुलाने, यज्ञेशने, जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. दामाजींनी तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत आणला, जिन्याखाली बसवला आणि त्याचा संगीत-सर्व्हर केला. म्हणजे गाणी सगळी त्या एका डब्यात, आणि तिन्ही मजल्यांवरच्या स्पीकरमध्ये ती वाजणार. ज्याला जे हवं त्याने ते आपल्या फोनवरून लावायचं. डब्यात एक प्रोग्राम सतत चालू असतो. त्याला पडदा लागत नाही, माऊस लागत नाही, तो दिसतही नाही. गप्प बसून सांगितलेलं काम करत राहतो. दामाजींना तो पहिल्या दिवसापासून आवडला, यात नवल नाही.

पण खरं प्रेम जडलं ते त्याच्या सेटिंगच्या फाइलवर. दोनशे ओळींची फाइल. आवाज किती, पहिलं गाणं कुठलं, वीज गेली आणि परत आली तर काय करायचं, कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही. कंपनीच्या जुन्या वहीत दामाजी डावीकडे मूळचं सेटिंग लिहीत, उजवीकडे बदललेलं, आणि समासात स्वतःचीच सही करत. "डिफॉल्ट म्हणजे काय," ते भेटेल त्याला समजावत, "कुणी काहीच बोललं नाही तर जे होतं ते." मग त्यांना माणसांचीही डिफॉल्टं दिसायला लागली. सहदेवांचं डिफॉल्ट 'खर्च किती', सुदेशचं 'आवाज वाढव'. सरस्वतीबाईंचं 'नको', असं त्यांनी एकदा जेवताना जाहीर केलं.

"आणि तुमचं काय, माहितेय?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "'बघतो.'"

हे सगळं घरातल्या घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. मग सहदेवांच्या मुलीचं, प्राप्तीचं, लग्न ठरलं.

आमच्याकडे हळद म्हटली की धवला हवा. धवलारीण बसते आणि लग्नाची गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांतूनच सगळे विधी पुढे सरकतात. भोईरांची धवलारीण घरातलीच: भीमाबाई, या तिघा भावांची आत्या, वय शहात्तर, पलीकडच्या गल्लीत राहणारी. तिच्या आवाजावर गावातली तीनशे लग्नं लागली असतील. पण मागच्या वर्षी सुदेशच्या मुलाच्या हळदीत डीजे आणला होता. आत्याने दोन ओळी म्हटल्या, डीजेने तिसरीवर बेस सोडला. आत्या उठली, चपला पायात घातल्या आणि जाताना सांगून गेली की या घरात पुन्हा तोंड उघडणार नाही. वर्षभर तिने ते पाळलं. अगदी चहा हवा का विचारलं तरी मान हलवायची.

प्राप्तीने बापाला स्पष्ट सांगितलं की भीमाआजीचा धवला नसेल तर हळद लावून घेणार नाही. सहदेवांनी खर्च किती ते विचारलं. रुसव्याला खर्च नसतो हे कळल्यावर त्यांना काही सुचेना. तेव्हा दामाजी पुढे झाले. डीजे नको, म्हणाले. माझा सर्व्हर वाजेल, मी ठरवेन तेवढाच वाजेल, आणि आत्या बसली की गप्प होईल. सुदेश इतका हसला की त्याला ठसका लागला. शेवटी ठरलं की दामाजींना एक संधी द्यायची आणि सुदेशच्या ओळखीचा डीजे नाक्यावर टेम्पोत तयार ठेवायचा.

दामाजी आत्याकडे गेले. आत्याने सुकट निवडता निवडता ऐकून घेतलं.

"यीन," ती म्हणाली. "बसंन. जेवन. पन गानार नाय."

दामाजींनी तेवढंच वहीत लिहून घेतलं. पुढचे चार दिवस ते सेटिंगला बसले. आवाजाला साठची कमाल मर्यादा. कुणी फोनवरून शंभर केला तरी साठच. वीज जाऊन आली की यंत्राने कुणाला न विचारता स्वतः सुरू व्हायचं आणि पहिलं गाणं लावायचं. संध्याकाळी ते गच्चीचं दार आतून लावून चाचण्या घेत, आणि कुणालाही वर येऊ देत नसत. सगळं झाल्यावर त्यांनी डब्यावर स्टिकर लावलं.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. भीमाआत्या आली, प्राप्तीजवळ बसली, ओठ मिटून. सर्व्हर मंद, सभ्य वाजत होता. सुदेश कोपऱ्यात फोनवर अंगठा घासत होता. आवाज काही साठच्या पुढे जाईना. दामाजी लांबून पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तरी समाधान म्हणणार नाही, ते त्याहून जरा दुष्ट होतं.

पण सुदेश म्हणजे काही केवळ फोन नव्हे. त्याला मांडवातल्या स्पीकरांचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर सापडला. त्याला एक साधं, गोल, जुन्या काळचं बटण होतं, आणि ते कुठल्याही फाइलीतलं ऐकत नव्हतं. सुदेशने ते शेवटपर्यंत फिरवलं.

मांडवाचे बांबू थरथरले. आत्या उठली. दामाजींनी डोळे मिटले. पण आत्याने चपलांकडे पाहिलंही नाही. ती सरळ जिन्याखाली गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. भोईरांच्या घरात पंप अडला, टीव्ही अडला, काहीही अडलं तरी हाच इलाज: मेन बंद करायचा, दहा मोजायचे, परत चालू करायचा. शांतता झाली. पंखे थांबले. हळदीच्या आधीच नवरी घामाने चमकायला लागली, तेव्हा दहा मोजून झाल्यावर आत्यानेच स्विच वर केला.

आणि यंत्र, दामाजींनी शिकवल्याप्रमाणे, कुणाला न विचारता सुरू झालं. त्याने पहिलं गाणं लावलं.

पहिलं गाणं म्हणजे दामाजी होते. आत्या रेकॉर्डिंग करू देत नव्हती, म्हणून धवल्याला किती आवाज बरा ते तपासायला त्यांनी बंद गच्चीत, बायकी पट्टीत, स्वतःच धवला गायला होता. त्या फाइलला नाव दिलं होतं 'एक', म्हणून ती यादीत पहिली होती, आणि ती पुसायची राहिली होती. आता ती पूर्ण फिरवलेल्या बटणावर नाक्यापर्यंत ऐकू जात होती. टेम्पोतला डीजे खाली उतरून पाहायला लागला.

दामाजी जिन्याकडे धावले. आत्याने हात आडवा केला.

"थांब. आयकू दे."

अख्खा मांडव ऐकत होता. दामाजी गात होते, सोयऱ्यांना हळदीचं आमंत्रण देत होते, मग खाडीला, मग कुलदैवताला. आत्याचा चेहरा एकेका नावासरशी लाल होत गेला.

"गावदेवी कुठं हाय?" ती म्हणाली. "आधी गावदेवी, मंग कुलदेव, मंग खारी, आन् सोयरं सगल्यांच्या शेवटी. देवाच्या आधी सोयऱ्यांना बोलवतंस? कोनी शिकवलं तुला?"

"तूच गायचीस ना आत्या. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो."

"जिन्यातून आर्धाच आयकलंस."

एवढं बोलून तिने यंत्र बंद करायला सांगितलं आणि पुन्हा प्राप्तीजवळ जाऊन बसली. चुकलेला धवला मांडवात तसाच ठेवून उठणं तिला शक्यच नव्हतं. तिने पदर सारखा केला, गावदेवीला हाक घातली आणि पहिल्यापासून सुरू केलं. दीड तास गायली. प्राप्ती हळदीत आणि रडण्यात अर्धी अर्धी भिजली.

धवला संपल्यावर सहदेवांनी हळूच विचारलं की पोरांना नाचायचंय, आता गाणी लावली तर चालतील का. आत्या म्हणाली, लावा. पण तिने आपली खुर्ची उचलायला लावली, अॅम्प्लिफायरशेजारी ठेवून घेतली आणि ते गोल बटण स्वतःच्या मुठीत धरलं. पहिलं गाणं तिने मंद ठेवलं. दुसऱ्याला थोडं फिरवून पाहिलं. तिसऱ्याला तिचा पाय ठेका धरायला लागला, आणि साडेसहाच्या सुमारास मांडवाचे बांबू पुन्हा थरथरत होते. शेवटी सुदेश कानावर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला आणि विनवायला लागला, आत्या, जरा कमी कर.

आत्याला ते ऐकू गेलं नाही.