हॅना ओटलेचा मुलगा

मेहकरला बसस्थानकामागच्या गल्लीत धम्मरत्न इंगळ्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. धम्मरत्न एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. थोरली मुलगी महामाया त्यांच्याजवळच राहते. वय बेचाळीस. इंग्रजीत एम.ए. केल्यावर तिनं अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनला अर्ज करायचा आणि दर मार्चला घरी बसायचं. आज ना उद्या कायम होऊ या आशेवर तिनं दोन चांगली स्थळं परतवली. नोकरी काही कायम झाली नाही, आणि पुढं स्थळंही यायची थांबली. शिकून काय उजेड पाडला, असं गल्लीतल्या बाया तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. ती ऐकून घेई आणि आपली वाट धरी.

कोरोनाच्या बंदीत कॉलेजं मिटली तेव्हा तिला घरबसल्याचं एक काम मिळालं. पुण्यातली एक कंपनी इंग्लंडमधल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देत असे. तिकडं गावोगावच्या चर्चमध्ये पाद्री शेकडो वर्षांपासून वह्या ठेवत आलेले. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोणाला पुरलं, सगळं त्यांत लिहिलेलं. त्या वह्यांचे फोटो संगणकावर यायचे. त्यांतलं जुनं, किरटं अक्षर लावून नाव, गाव, तारीख रकान्यांत भरायची, एवढंच काम. महामायाच्या बरोबरीनं लागलेल्या तिघी-चौघी महिन्याभरात सोडून गेल्या. तिला मात्र त्याचा नादच लागला. पाद्रीबाबाची शाई कुठं फुटली, थंडीत त्याचा हात कुठं थरथरला, म्हातारा पाद्री गेला आणि नवा कधी आला, हे तिला अक्षरावरून कळू लागलं. जेवताना ती बापाला सांगे, "बाबा, आज एकाच घरचे तीन लेकरं गेले. देवीची साथ होती." धम्मरत्न हातातला घास क्षणभर तसाच धरत. "कोन्या सालातली गोष्ट म्हनतं?" "सतराशे एक्केचाळीस." "हं," म्हणून ते पुढं जेवत.

चौथ्या वर्षी तिला बढती मिळाली. नुसत्या नोंदी भरण्याऐवजी दुसऱ्यांनी जुळवलेल्या वंशावळी तपासायचं काम तिच्याकडं आलं. तिच्या वरची अधिकारी योगिनी पुण्याची, वयानं लहान, पण कामात चोख.

त्या मार्चमध्ये डोरीन ओटले नावाच्या बाईची वंशावळ तपासायला आली. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर सुईणीचं काम केलेल्या. त्यांच्या घराण्यातला सगळ्यात जुना माहीत असलेला पुरुष म्हणजे जोसेफ ओटले, गाडीची चाकं करणारा सुतार. १७७२ मध्ये त्याचं लग्न झालं आणि १८११ मध्ये बासष्टाव्या वर्षी तो वारला. त्याचे आईबाप कोण, हे बाईंना हवं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आपण मूळचे बड्या घरचे, मधेच कुठंतरी दिवस फिरले.

आणि शोधणाऱ्यांना तसंच सापडलंही होतं. हार्बरी गावच्या वहीत ८ मे १७४८ ला एका जोसेफचा बाप्तिस्मा होता. बाप रॉबर्ट ओटले, गावातला जमीनदार. बाईंना ते कळवलंही गेलं होतं. जूनमध्ये त्या साऱ्या भाऊबंदांना बोलावून मोठा मेळावा घेणार होत्या. महामायानं फक्त शेवटची नजर घालून शिक्का मारायचा होता.

तिनं लग्नाची नोंद उघडली. खाली नवरीनं आणि नवऱ्यानं सही करायची जागा. नवऱ्याच्या जागी एक वाकडी फुली होती.

महामाया त्या फुलीकडं पाहत राहिली. जमीनदाराचा मुलगा, आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येऊ नये? तिच्या आजोबांनी आयुष्यभर अंगठा उमटवला होता, पण ते गावचे कोतवाल होते, शाळेच्या दारात त्यांना कोणी उभं केलं नव्हतं.

ती शोधायला बसली. दोन दिवसांत दोन गोष्टी हाती लागल्या. शेजारच्या गावच्या वहीत जून १७४९ मध्ये आणखी एक जोसेफ होता. "हॅना ओटलेचा अनौरस मुलगा, आई गावाच्या धर्मादायावर." बापाचं नाव नाही. दुसरी गोष्ट हार्बरीच्या मरणाच्या नोंदींत. "११ फेब्रुवारी १७४८. जोसेफ, श्रीयुत रॉबर्ट ओटले यांचा मुलगा."

तिनं योगिनीला फोन लावला. योगिनीनं सगळं शांतपणे ऐकलं.

"महामायाताई, तारखा बघा ना. पुरलं फेब्रुवारीत आणि बाप्तिस्मा मेमध्ये. म्हणजे आधीचा जोसेफ गेला आणि नंतर झालेल्या मुलाला त्यांनी तेच नाव ठेवलं. त्या काळात सर्रास करायचे."

"करायचे, ते खरं आहे," महामाया म्हणाली. "पण मग ती फुली?"

"हात मोडला असेल लग्नाच्या आधी. आपण फुलीवरून घराणं नाही ठरवू शकत."

जन्माआधी मेलेला मुलगा हा दुसराच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी तिनं शिक्का मारला नाही. चार दिवस द्या, म्हणाली.

धम्मरत्नांचे जुने स्नेही अब्दुल गनी तहसीलसमोर अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहायचे आणि जुने दस्त वाचून दाखवायचे यात त्यांची पन्नास वर्षं गेलेली. आता डोळ्यांनी साथ सोडली होती, पण कागदाचा विषय निघाला की म्हातारा ताठ होऊन बसे. महामाया लहानपणापासून त्यांना चाचा म्हणायची. शुक्रवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. सून मुबीनानं चहा आणून ठेवला. महामायानं सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी हसून म्हणाली, "चाचा, पोरगं फेब्रुवारीत मेलं अन् मे महिन्यात जन्माले आलं. आता बोला."

अब्दुल गनी हसले नाहीत. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

"तुले कोनं सांगतलं बेटी, का साल जानेवारीतच लागते?"

"म्हंजे?"

"अवं, आपल्या जुन्या कागदांवर फसली साल राह्यत जाय. ते मिरगात लागे. नवे नवे वकील यायचे, जानेवारी पकडून हिसाब करायचे अन् केस हारून जायचे. एका मानसाची खरेदी मी त्याच्या बापाच्या मरनानंतरची निघालेली पाह्यली, अन् होती ती आधीची. तुह्या त्या गोऱ्याइचं साल तव्हा कोन्या महिन्यात लागे, हे पाह्यलं का तू?"

तिनं पाहिलं नव्हतं. चार वर्षं हे काम करून तिच्या मनात तो प्रश्नच आला नव्हता. अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली. मुबीना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, चहा तं पिऊन जा." पण महामाया तोवर गल्लीच्या वळणावर पोचली होती.

कामाच्या पद्धतीत एक खोट होती. संगणकावर पूर्ण पान कधी येतच नसे. पाच-सहा ओळींची पट्टी यायची, ती भरली की पुढची. तिनं योगिनीकडं हार्बरीच्या मरणाच्या वहीचं सबंध पान मागवलं. पान आलं आणि तिनं वरून खाली बोट फिरवलं. माथ्यावर १७४८. त्याखाली मार्चअखेरच्या नोंदी, मग एप्रिल, मे, असं करत डिसेंबर. डिसेंबरच्या खाली जानेवारी, त्याखाली फेब्रुवारी, आणि मग मार्चच्या पंचवीस तारखेवर पाद्रीनं आडवी रेघ मारून लिहिलं होतं, १७४९. त्या वेळी त्यांचं वर्ष पंचवीस मार्चला लागत होतं, साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास. म्हणजे १७४८ चा फेब्रुवारी मे महिन्याच्या आधी आलाच नव्हता, नऊ महिन्यांनी आला होता. जमीनदाराचा जोसेफ नऊ महिन्यांचा होऊन गेला होता. त्याचं लग्न झालं नव्हतं, त्यानं चाकं केली नव्हती.

राहिला तो हॅनाचा.

महामायाला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच टिकलं. मरणाच्या त्या नोंदीखाली भरणाऱ्याची आद्याक्षरं असायची. तिथं 'म. इं.' होतं. पहिल्या वर्षी तिनंच ती पट्टी भरली होती. त्या पट्टीवरून समजण्यासारखं काही नव्हतं हे खरं, पण अशा पट्ट्या तिनं हजारोंनी भरल्या होत्या. आणखी किती घरांत तिनं मेलेल्या लेकरांना जगवून ठेवलं होतं कोण जाणे.

त्या दिवशी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. धम्मरत्नांनी कारण विचारलं, तिनं सांगितलं.

"तुहा आजा कोतवाल होता," ते म्हणाले. "गावात कोन जन्मलं, कोन मेलं, ते तोंडपाठ करून ठान्यात जाऊन सांगे. लिहिता येत नव्हतं ना. एकदा त्यानं जित्या मानसाचं मरन सांगून टाकलं. घरी येताना ध्यानात आलं, तं बारा कोस वापस गेला पायी. ठानेदारानं दोन थोबाडीत देल्ल्या. पन नाव दुरुस्त करून आला."

सकाळी महामायानं योगिनीला सगळं लिहून पाठवलं. पानाचा फोटो जोडला आणि स्वतःची आद्याक्षरंही लपवली नाहीत. दुपारी योगिनीचा फोन आला. तिचा आवाज उतरलेला होता.

"ताई, सूचनांच्या पुस्तकात एक ओळ होती याबद्दल. मीही वाचली होती, विसरले. वरिष्ठांशी बोलले मी. जानेवारी ते मार्चच्या जुन्या नोंदी पुन्हा बघाव्या लागतील."

"माझ्या मी बघते."

"आणि डोरीनबाईंना कोण सांगणार?"

"तेही मीच सांगते," महामाया म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बाईंना काय सांगायचं ते कागदावर उतरवायला बसली.

बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं ते मंगळवारी संध्याकाळी. गोल चेहऱ्याच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या बाई. मागं भिंतीवर जमीनदार ओटल्यांच्या घराचं चित्र लावलेलं. महामायानं शब्द मोजून ठेवले होते. तिनं फुलीपासून सुरुवात केली, मग वर्षाचा घोळ, मग नऊ महिन्यांचं बाळ, आणि शेवटी हॅना. अनौरस हा शब्द तिनं टाळला. "वहीत वडिलांचं नाव नाही," एवढंच म्हणाली.

बाईंनी एकच विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"आहे. आधीची चूक माझ्या हातची आहे. मला माफ करा."

बाईंनी मान हलवली आणि पडदा काळा झाला. तीन आठवडे त्यांच्याकडून काही आलं नाही. त्यांच्या पुतण्याचं मात्र एक पत्र कंपनीला आलं. कुठल्या तरी खेड्यातल्या माणसांकडून असलं काम करून घेता, तर दुसरं काय होणार, असं त्यात होतं. योगिनीनं ते महामायाला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, पण चुकून ते गेलंच. महामायानं ते वाचलं आणि आपल्या जुन्या नोंदी उघडल्या. रोज दोनशे तपासायच्या असा नेम तिनं धरला होता. त्या दिवशी तिनं तीनशे तपासल्या.

एप्रिलच्या शेवटी बाईंचं पत्र आलं, थेट तिच्या नावानं. त्यात लिहिलं होतं, "मी आयुष्यात दोन हजारांवर बाळंतपणं केली. त्यात बाप नसलेली कितीतरी. त्या पोरींना मी सांगत असे, मान खाली घालू नकोस. आणि तुम्ही मला माझ्याच घरातली तशी पोर दाखवलीत, तर मी फोन बंद केला. याची मला लाज वाटते. हॅनाचं पुढं काय झालं, ते शोधून द्याल का?"

शोधायला पाच आठवडे गेले. हॅना तिच्या गावच्या मरणाच्या वहीत नव्हती. आजूबाजूच्या चार गावांतही नव्हती. जोसेफनं लग्नानंतर जिथं दुकान टाकलं, त्या बाजाराच्या गावी ती शेवटी मिळाली. १७८८ चा नोव्हेंबर. हा पाद्री अक्षराचा सुंदर होता. त्यानं लिहिलं होतं, "हॅना ओटले, चाकं करणाऱ्या जोसेफची आई, त्याच्या घरून."

महामायानं ती ओळ धम्मरत्नांना मराठीत वाचून दाखवली.

"मंग पोरानं सांभाळलं म्हन," ते म्हणाले.

"हाव. शेवटलोग."

"अन् ते धर्मादायाचं?"

"ते नाही लिहिलं यानं."

धम्मरत्नांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

जूनमधला मेळावा ठरल्याप्रमाणं झाला. पंचेचाळीस जण येणार होते, सव्वीस आले. पुतण्या आला नाही. डोरीनबाईंनी पाठवलेल्या फोटोत वंशावळीचा मोठा कागद होता, आणि त्यात सगळ्यात वर एकट्या हॅनाचं नाव होतं. शेजारची बापाची जागा बाईंनी कोरीच ठेवली होती.

महामायानं तो फोटो पुण्याला योगिनीकडं पाठवला आणि मेहकरात अब्दुल गनींच्या घरी जाऊन मुबीनाच्या मोबाइलवर टाकला, म्हणजे ती सासऱ्याला नीट समजावून सांगेल. मुबीनानं यावेळी तिला चहा संपल्याशिवाय उठू दिलं नाही. महामायाच्या जुन्या नोंदींपैकी पंचवीस हजार अजून तपासायच्या राहिल्या होत्या. दिवाळीपर्यंत उरकतील असा तिचा अंदाज होता. त्या संपायला संक्रांत उलटून गेली.